शून्य निकाल म्हणजे काय?

मागच्या वर्षी मला एक साधं काम मिळालं होतं. आमच्या प्रकल्पाचा डेटाबेस वापरून बघायला लोकांना बोलवायचं, त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसायचं आणि ते काय टाइप करतात ते वहीत उतरवून घ्यायचं. मदत करायची नाही, सुचवायचं नाही, तोंड उघडायचं नाही. पीएचडीची पाच वर्षं आणि त्यानंतरची दोन वर्षं मी कागदपत्रं वाचण्यात घालवली होती. माणसं आपल्या पडद्यासमोर बसून नेमकं काय करतात, हे मात्र मी कधीच पाहिलं नव्हतं.

डेटाबेस होता हिंदी महासागरातून ये-जा करणाऱ्या जहाजांच्या प्रवासी याद्यांचा. तिसऱ्या दिवशी एक काका आले. जन्म मॉरिशसचा, पण चाळीसेक वर्षं इंग्लंडमध्ये काढलेली. त्यांचे पणजोबा मुंबई बंदरातून करारमजूर म्हणून मॉरिशसला गेले, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. काकांनी पडद्यावरची पहिली चौकट पाहिली आणि त्यात पणजोबांचं नाव टाकलं. ती चौकट जहाजाच्या नावासाठी होती. निकाल शून्य. मग त्यांना ‘अधिक पर्याय’ सापडले. त्यात अकरा चौकटी होत्या: जहाजाचा प्रकार, वजन, कप्तान, निघाल्याचं बंदर, पोचल्याचं बंदर आणि असंच बरंच काही. प्रवाशाच्या नावाची चौकट नववी होती. तिथे नाव टाकलं. पुन्हा शून्य.

काका मागे वळले आणि म्हणाले, “म्हणजे ते आलेच नव्हते का?”

मी नियम मोडला. कारण ते आले होते. त्यांचं नाव आमच्याकडे होतं, फक्त स्पेलिंग वेगळं होतं.

पॉडकास्टच्या या वेळच्या भागात आम्ही ‘डेटाबेस सोपा करणं म्हणजे काय’ यावर बोललो. बोलण्याच्या ओघात बरंच राहून गेलं, ते इथे लिहितोय. यातला मोठा भाग आमच्या छोट्या प्रकल्पाबद्दल नाहीच. इतिहासाच्या क्षेत्रात ज्या एका डेटाबेसची मांडणी गेली तीसएक वर्षं पुन्हा पुन्हा बदलत गेली, त्याबद्दल आहे. तो म्हणजे अटलांटिक पार करणाऱ्या गुलाम-जहाजांचा डेटाबेस, आज ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या नावाने ओळखला जाणारा. आमच्या चुका काय होत्या, ते मला त्याची गोष्ट वाचताना कळलं.

आधी होते सोळा गठ्ठे

आफ्रिकेतून अमेरिका खंडात किती माणसं गुलाम म्हणून नेली गेली? १९६० च्या दशकापर्यंत या प्रश्नाला मिळणारी उत्तरं म्हणजे एकाने दुसऱ्याचा आणि दुसऱ्याने तिसऱ्याचा उचललेला आकडा, अशी होती. १९६९ साली फिलिप कर्टिन या अमेरिकन इतिहासकाराने एक अख्खं पुस्तकच या आकड्यावर लिहिलं. छापील साहित्य चाळून, प्रत्येक आकडा कुठून आला ते तपासून त्याने सांगितलं, की अमेरिका खंडात पोचलेल्यांची संख्या साधारण ९५ लाखांच्या आसपास असावी. त्यावर मोठा वाद झाला. पण वादाचा एक फायदा असा झाला, की लोक दप्तरखान्यांत जाऊन मूळ कागद मोजायला लागले.

कोणी लिव्हरपूलच्या जहाजांच्या याद्या केल्या, कोणी फ्रेंच बंदरांच्या, कोणी डच कंपनीच्या, कोणी ब्राझीलच्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशा सोळा वेगवेगळ्या संचांमध्ये मिळून साधारण ११ हजार सफरींच्या नोंदी जमल्या होत्या. पण प्रत्येकाची पद्धत वेगळी. एकाने तारीख निघाल्याची लिहिलेली, दुसऱ्याने पोचल्याची. एकच जहाज इंग्लंडच्या कागदांवरून एका संचात आणि कॅरिबियन बंदराच्या कागदांवरून दुसऱ्या संचात. दोन्ही एकत्र केले की एका सफरीच्या दोन सफरी व्हायच्या.

१९९० साली लंडनच्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसात डेव्हिड एल्टिस आणि स्टीफन बेहरेंट यांची योगायोगाने गाठ पडली. एक जण ब्रिटिश गुलाम-व्यापाराच्या सुरुवातीच्या काळावर काम करत होता, दुसरा शेवटच्या काळावर. दोघांच्या बोलण्यातून कल्पना निघाली, की हे सगळे गठ्ठे एकत्र करून एकच संच का करू नये? पुढे डेव्हिड रिचर्डसन आणि हर्बर्ट क्लाइन हेही सामील झाले. जहाजाचं नाव, कप्तान, मालक, तारखा जुळवून दुहेरी नोंदी काढणं, हे काम वर्षानुवर्षं चाललं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या डेटाबेसमधली एक ओळ म्हणजे एक सफर. एक माणूस नव्हे, सफर. असं का? कारण कागदच तसे होते. जकातीचे कागद, विम्याचे कागद, कंपनीचे हिशेब, बंदरातल्या नोंदी, हे सगळे जहाजागणिक लिहिलेले. जहाजाचं नाव असतं, कप्तानाचं असतं, मालकांची असतात. ज्यांना विकलं जात होतं, त्यांचा फक्त आकडा असतो. व्यापाऱ्याला ज्या प्रश्नांची उत्तरं हवी होती, त्यांचेच डेटाबेसमध्ये रकाने झाले. कोणाची लबाडी नव्हती त्यात. पण रकाने एकदा ठरले, की प्रश्नही ठरतात.

चकतीतला डेटाबेस

१९९९ साली केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने हा संच सीडी-रॉमवर प्रकाशित केला. २७,२३३ सफरी आणि दोनशेहून अधिक रकाने. तुमच्यापैकी अनेकांनी सीडी-रॉम हातातही घेतली नसेल. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात असायची, ठरावीक संगणकावर चालायची, आणि तिच्यात चूक सापडली तर दुरुस्ती करायची सोय नाही. छापलं ते छापलं.

संशोधकांसाठी मात्र ती मोठीच गोष्ट होती. जहाजांवरच्या मृत्यूचं प्रमाण काळानुसार कसं बदललं, बंड कोणत्या किनाऱ्यांवरून निघालेल्या जहाजांवर जास्त झाली, बायका आणि मुलांचं प्रमाण कुठे किती होतं, असे प्रश्न आता आकड्यांनिशी विचारता येऊ लागले. पण ज्याला संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरची सवय नाही, ज्याला रकान्यांची सांकेतिक नावं पाठ नाहीत, त्याच्यासाठी ती चकती म्हणजे कुलूपबंद पेटीच.

त्यात मोठी भोकंही होती. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांची, म्हणजे मुख्यतः ब्राझील आणि क्युबाकडे गेलेल्या सफरींची माहिती अपुरी होती. हे बारीकसारीक नाही. अमेरिका खंडात पोचलेल्या सर्व आफ्रिकन लोकांपैकी सुमारे ४८-४९ लाख लोक एकट्या ब्राझीलमध्ये उतरवले गेले, असा आजचा अंदाज आहे. आज जो संयुक्त संस्थानांचा प्रदेश आहे, तिथे थेट आफ्रिकेतून उतरवलेल्यांची संख्या चार लाखांच्या आत येते. आपल्यापैकी जे अमेरिकेत शिकले किंवा हॉलिवूडचे सिनेमे बघत वाढले, त्यांच्या डोळ्यांसमोर गुलामगिरी म्हटलं की कापसाचे मळे येतात. आकडे म्हणतात, आधी ब्राझीलच्या आणि कॅरिबियन बेटांच्या उसाकडे बघा.

२००० नंतर बऱ्याच इतिहासकारांनी लिस्बनपासून रिओपर्यंतच्या दप्तरांतून ही भोकं बुजवायला घेतली. आणि त्याच वेळी ठरलं, की आता चकती नको, वेबसाइट करू.

सगळ्यांसाठी खुलं दार, आणि त्याचा धोका

२००८ साली अटलांटातल्या एमरी विद्यापीठातून ही साइट सुरू झाली. जवळजवळ ३५ हजार सफरी, आणि कोणालाही फुकट. मांडणीत सगळ्यात मोठा बदल असा केला, की दारं दोन ठेवली. एका दारातून आत गेलं की कागदांवर सापडलेल्या सफरी, एकेक करून. दुसऱ्या दारातून गेलं की ‘अंदाज’, म्हणजे कागद हरवलेल्या सफरीही धरून एकूण संख्या किती असावी याचं गणित. वर्षं निवडा, झेंडा निवडा, किनारा निवडा, तक्ता समोर. शाळेतल्या मुलालाही जमेल इतकं सोपं. आज जो आकडा तुम्ही सगळीकडे वाचता, सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली, तो या दुसऱ्या दारातून आलेला आहे. मधला फरक १८ लाखांचा. ती माणसं समुद्रात गेली.

आता इथे जरा थांबू, कारण सोपं करण्यातली खरी मेख इथे आहे.

पहिल्या दारातल्या सफरींमध्येसुद्धा सगळे आकडे कागदावरचे नाहीत. काही अंदाजाने भरलेले आहेत. समजा, एका जहाजातून २६० माणसं उतरवल्याचा कागद आहे, पण किती चढवली होती त्याचा नाही. मग काय करतात? साधारण त्याच काळात, त्याच भागातून निघालेली, ज्यांचे दोन्ही आकडे माहीत आहेत अशी जहाजं बघतात. त्यांच्यावर सरासरी १३ टक्के माणसं वाटेत मेली असतील, तर या जहाजावर २९९ चढवली असावीत असं धरतात. पद्धत रास्त आहे. इतिहासात अशी पद्धत वापरल्याशिवाय बेरीजच होणार नाही.

पण या उदाहरणात ३९ माणसांचा मृत्यू कुठल्याही कागदावर नाही. तो सरासरीतून आला. जुन्या चकतीवर कागदावरचा आकडा आणि अंदाजाचा आकडा वेगवेगळ्या रकान्यांत होते, आणि ती वापरणाऱ्याला ते माहीत असायचं. माहीत नसेल तर त्याला चकती वापरताच यायची नाही. अवघडपणाच राखणदारी करत होता. पडदा सोपा झाल्यावर ही राखणदारी संपते. दोनशे रकाने एकदम दाखवले तर माणूस पळून जातो, म्हणून सहा-सात दाखवायचे. त्या सहा-सातांत कोणता आकडा ठेवायचा? कागदावरचा ठेवला तर अर्ध्या ओळी रिकाम्या दिसतात. अंदाजाचा ठेवला तर सगळ्या ओळी भरलेल्या दिसतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की सगळं कागदावर आहे.

या साइटवर अंदाजाच्या रकान्याच्या नावातच तो अंदाज असल्याचं लिहिलेलं असतं. छोटीशी गोष्ट आहे, बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरते. पण मला विचाराल तर त्या मांडणीतला सगळ्यात प्रामाणिक शब्द तोच आहे. आमच्या प्रकल्पात आम्ही असे आकडे फिक्या रंगात दाखवायला लागलो, ते हे पाहूनच.

कारकुनाचा कान

आकड्यांच्या या साइटवर नावं कुठून आली, तीही एक वेगळी कथा आहे. ब्रिटनने १८०७ साली गुलाम-व्यापारावर बंदी आणली. त्यानंतर ब्रिटिश आरमार अशी जहाजं पकडायला लागलं. पकडलेली जहाजं फ्रीटाउन, हवाना अशा ठिकाणच्या न्यायालयांपुढे जायची, आणि सुटका झालेल्या प्रत्येक माणसाची तिथे नोंद व्हायची: नाव, वय, उंची, अंगावरच्या खुणा. अशा ९१,४९१ माणसांची नावं डेटाबेसमध्ये आली. सव्वा कोटीपुढे ही संख्या काहीच नाही. पण आधी ती शून्य होती.

नावं लिहिली होती इंग्रजी किंवा स्पॅनिश कारकुनांनी, ऐकून. बोलणारा योरुबा, इग्बो, मेंडे किंवा आणखी कुठली भाषा बोलणारा. त्यामुळे कागदावर आहे ते नाव नव्हे, कारकुनाच्या कानावर उमटलेला ठसा आहे. एमरीतल्याच एका जोड-प्रकल्पाने यावर एक छान युक्ती काढली. ही नावं त्या काळचा कारकून जशी उच्चारेल तशी ध्वनिमुद्रित करून साइटवर ठेवली आणि आफ्रिकन भाषा बोलणाऱ्या लोकांना विचारलं: हे ऐका, तुमच्या भाषेतलं ओळखीचं नाव वाटतं का? म्हणजे आतापर्यंत जो फक्त डेटाबेस वापरणारा होता, तो आता त्यात भर घालणारा झाला. नाव कोणत्या भाषेतलं आहे हे कळलं, की तो माणूस साधारण कुठून पळवून आणला असेल, याचाही अंदाज येतो.

आता काकांकडे परत येतो. करारमजुरी आणि गुलामगिरी एक नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. करार होता, मुदत होती, पगार होता, निदान कागदावर. पण कारकुनाचा कान दोन्हीकडे तोच. १८३४ पासून पुढच्या काही दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसमध्ये उतरले. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे आणि घाटावरचे मराठी लोकही होते. त्यांच्या नोंदवह्या मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. तिथल्या आपल्या मराठी माणसांच्या आडनावांकडे पाहिलंत, तर बऱ्याचदा ती आडनावं नसतातच. पणजोबांचं पाळण्यातलं नाव, कारकुनाने लिहिलं तसं, घराण्याला कायमचं चिकटलेलं असतं.

काकांच्या पणजोबांचं नाव लक्ष्मण. घरात ते इंग्रजीत ‘लुचमुन’ असं लिहितात. आमच्याकडे ‘लुटचमुन’ होतं, मधे एक जादा ‘टी’. बस, एवढाच फरक.

“उच्चारावरून शोधायची सोय करा,” असं आम्हाला कोणीतरी सुचवलं. अशी सोय शंभर वर्षं जुनी आहे. साउंडेक्स नावाची. रॉबर्ट रसेल या अमेरिकन माणसाने १९१८ साली तिचं पेटंट घेतलं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. १९३० च्या दशकात अमेरिकेत सोशल सिक्युरिटी योजना आली, लोकांना स्वतःचं वय सिद्ध करायची गरज पडली, आणि जुन्या जनगणनेतून माणसं शोधता यावीत म्हणून साउंडेक्सने लाखो पत्रिका लावल्या गेल्या.

आम्ही ती आपल्या नावांवर लावून पाहिली. लॅक्समन, लक्षमन, लुचमुन या तिन्ही स्पेलिंगांना साउंडेक्स एकच खूण देतं, एल-२५५. आम्ही टाळ्या वाजवणार होतो. मग ‘लुटचमुन’ टाकलं. एल-३२५. तो जादा ‘टी’ इंग्रजी कानाला महत्त्वाचा वाटतो, आणि लक्ष्मण दोन माणसांत फुटतो. विठोबाचं तर विचारूच नका. कोणी ‘व्ही’ने लिहिलाय, कोणी ‘डब्ल्यू’ने, कोणी ‘बी’ने. पहिलं अक्षर वेगळं म्हणजे साउंडेक्सच्या लेखी माणूसच वेगळा. यंत्राचा कानही कारकुनासारखाच. तो कुठे तयार झाला, यावर त्याला काय ऐकू येतं ते ठरतं.

शेवटी आम्ही मराठी, भोजपुरी, तमिळ आणि तेलुगू नावांच्या प्रचलित स्पेलिंगांचे गट हाताने लावले. कंटाळवाणं काम आहे. पण त्यासाठी लागणारं ज्ञान घराघरांत होतं, विद्यापीठात नव्हतं. काकांनी एका दुपारी बसून चाळीसेक नावं लावून दिली.

दोन मिनिटांत तीनशे वर्षं

२०१५ साली ‘स्लेट’ या नियतकालिकाने या डेटाबेसमधल्या २०,५२८ सफरी घेऊन एक नकाशा केला. प्रत्येक सफर म्हणजे एक ठिपका, आफ्रिकेकडून पश्चिमेकडे सरकणारा. तीनशेहून अधिक वर्षं दोन मिनिटांत. सुरुवातीला तुरळक ठिपके, अठराव्या शतकात नुसती झुंबड. आमच्या इथले अनेक शिक्षक तो वर्गात दाखवतात. मुलं गप्प होतात.

पुढे मूळ साइटही नव्याने लिहिली गेली. दहा वर्षांपूर्वीचा कोड सांभाळणं कठीण झालं होतं. डेटाबेस जुना होतो तो असा, कागद तसेच राहतात आणि खालची यंत्रणा कुजते. नव्या मांडणीत असा हलता नकाशा आला, पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषा आल्या, आणि अमेरिका खंडातल्या अंतर्गत सफरींचा वेगळा संच आला, म्हणजे जमैकाला उतरवून पुन्हा दुसरीकडे विकायला नेलेल्या माणसांचा. २०२१ पासून अनेक संस्थांनी मिळून ही साइट चालवायची जबाबदारी घेतली आणि तिचं घर ह्यूस्टनच्या राईस विद्यापीठात गेलं. नंतर अमेरिकेच्या किनाऱ्याकिनाऱ्याने न्यू ऑर्लिन्सकडे नेलेल्या साठ हजारांहून अधिक माणसांची नावंही जोडली गेली.

या सगळ्यावर टीकाही झाली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. जेसिका मेरी जॉन्सन या इतिहासकार बाईंनी २०१८ साली एका लेखात मुद्दा मांडला, की गुलाम केलेल्या माणसांना आकडे करण्याचं काम सर्वांत आधी गुलाम-व्यापाऱ्यांनी केलं. आपण तेच रकाने घेऊन सुंदर नकाशे करतो, तेव्हा नकळत त्यांचीच वही पुढे लिहीत नाही ना? ठिपका सरकताना बघणं सोपं असतं. त्या ठिपक्यात ३०० माणसं आहेत हे मनात धरणं सोपं नसतं.

यावर कोणाकडे सरळ उत्तर नाही. पण मला वाटतं, मांडणी बदलत गेली तसतसा हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढली, हेही खरं आहे. चकती ग्रंथालयात होती तोवर हा वाद दहा-वीस तज्ज्ञांत राहिला असता.

शरणपूर रोड

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घराजवळचा आहे.

नाशिकचे कोणी वाचत असतील तर त्यांना शरणपूर रोड माहीत असेल. दुकानं, दवाखाने, क्लासेस. हे नाव कुठून आलं? १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ ख्रिस्ती वस्ती उभारली, ती शरणपूर. १८६० च्या सुमारास तिथे आफ्रिकन मुलांसाठी आश्रम सुरू झाला. ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात अरबी गुलाम-जहाजं पकडायचं आणि सोडवलेल्या काही माणसांना मुंबईला आणून उतरवायचं. त्यांतली बरीच मुलं शरणपूरला आली. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकली. पुढे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ असं नाव पडलं.

डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीला निघताना मुंबईहून जे लोक सोबत घेतले, त्यांत शरणपूरचे तरुण होते. नंतर त्याच्या मदतीला पाठवलेल्या तुकडीतही होते. १८७३ साली तो वारला, तेव्हा त्याचे सोबती त्याचा देह शेकडो मैल खांद्यावर वाहत किनाऱ्यापर्यंत घेऊन आले. त्यांत जेकब वेनराइट होता, याओ जमातीचा, लहानपणी गुलाम-जहाजातून सोडवलेला, नाशिकला शिकलेला. त्याने या प्रवासाची रोजनिशी लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. प्राइस पुढे मोम्बासाजवळ गेले आणि तिथे ‘फ्रियर टाउन’ नावाची वस्ती उभी राहिली, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने. शरणपूरचे बरेच लोक तिथे जाऊन राहिले.

जेकब वेनराइट ज्या जहाजातून सोडवला गेला, ते अटलांटिकच्या त्या डेटाबेसमध्ये बसत नाही. बसणारही नाही, कारण त्या जहाजाने अटलांटिक ओलांडलाच नाही. इथिओपियातून विकला जाऊन दख्खनेत पोचलेला आणि निजामशाहीचा कर्ता झालेला मलिक अंबरही त्यात येत नाही. ही डेटाबेसची चूक नाही. एका समुद्राचं काम नीट व्हावं म्हणून त्याने आपली हद्द आखून घेतली. हिंदी महासागराचे कागद वेगळे, भाषा वेगळ्या, आणि बरेचदा कागदच नाहीत. आता त्या बाजूच्या नोंदीही संशोधक गोळा करताहेत.

पण एक गोष्ट घडते. जो डेटाबेस सोपा असतो, तो सगळे वापरतात. जो सगळे वापरतात, तोच इतिहास वाटायला लागतो. अटलांटिकचे आकडे दोन क्लिकमध्ये मिळतात, म्हणून लेख, सिनेमे, शाळेचे धडे अटलांटिकचे. आपल्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्याला तिथे आफ्रिकन मुलं शिकत होती हे माहीत नसतं. शोधून काही सापडलं नाही, की ते घडलंच नसेल असं वाटतं. काकांना वाटलं तसंच.

आम्ही काय बदललं

आमच्या डेटाबेसची नवी मांडणी या उन्हाळ्यात सुरू झाली. पहिली चौकट आता माणसाच्या नावाची आहे. जहाजाचं वजन खाली गेलं. आमच्या प्रमुख बाईंना ते फारसं आवडलेलं नाही, त्या जहाजांच्याच तज्ज्ञ आहेत.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आम्ही ‘शून्य निकाल’ या पानावर घालवला. आधी तिथे एकच ओळ होती: काहीही सापडलं नाही. आता तिथे तीन गोष्टी येतात. या नावाची इतर कोणती स्पेलिंगं आमच्याकडे आहेत. कोणत्या वर्षांचे आणि कोणत्या बंदरांचे कागद आमच्याकडे आहेत, आणि कोणते हरवले आहेत. आणि तुम्हाला घरातून काही माहिती असेल, तर ती कशी कळवायची. गेल्या दोन महिन्यांत या पानावरून आलेल्या पत्रांतून मी जितकं शिकलो, तितकं एखाद्या परिषदेत क्वचितच शिकलो असेन.

तुम्ही कुठल्याही देशात असा, कधी ना कधी असल्या एखाद्या चौकटीत आजी-आजोबांचं नाव टाकाल. शून्य आलं तर लगेच खिडकी बंद करू नका. हे नाव लिहिणाऱ्याला ते कसं ऐकू आलं असेल? इथली एक ओळ म्हणजे काय, माणूस की जहाज? आणि या डेटाबेसचा समुद्र कुठे संपतो? एवढं विचारून बघा.

काका पुढच्या आठवड्यात त्यांच्या नातीला घेऊन येणार आहेत. तिला पणजोबांच्या वडिलांचं नाव शोधायचं आहे. ते नोंदवहीत आहे, मी पाहून ठेवलंय. या वेळी मात्र मी तोंड उघडणार नाही.